ज्याचा त्याचा पिंड, सगळ्यांची दिंडी

(शताब्दी सोहळ्याच्या सप्ताहात केलेले भाषण)



आज कीर्तन नाही, म्हणून सेवेला अभंगही घेतलेला नाही. कमिटीने सांगितलं, "बुवा, शंभर वर्षं झाली दिंडीला. प्रत्येकाने अर्धा तास बोलायचं. मग ते स्मरणिकेत छापायचं." आमचं शिक्षण चौथी. मागं मृदंग नसला की आमची जीभ जरा अडखळते. तेवढं सांभाळून घ्या.

विषय आम्हीच निवडला. एकाच वाटेनं, एकाच पावसात, एकाच पंगतीला जेवून चालणारी माणसं सारखीच सुखी का नसतात?

दिवे घाट डोळ्यांसमोर आणा. पुण्याहून सासवडला जाताना लांबचा टप्पा असतो, पाय आधीच भरून आलेले असतात आणि वरून पावसाची झड. एक माउली त्या चढाला फुगडी घालते. तिच्या शेजारची माउली तितकंच चालते, तितकंच भिजते, तोंडानं तेच नाम घेते, पण तिचा चेहरा उतरलेला. घाट चढून वर आल्यावर पहिली म्हणते, "काय आनंद झाला गं!" दुसरी म्हणते, "झालं बाई एकदाचं." दोघींची माळ तुळशीचीच. दोघींचा विठोबा एकच. मग हा फरक कुठून आला?

ह्या प्रश्नाला आपल्याकडं एक तयार उत्तर असतं. "तिचा भाव कमी पडतो." कुणी तोंडावर बोलतं, कुणी पाठीमागं. आनंदी माणूस खरा भक्त आणि उदास माणूस कच्चा, असा निकाल लावून आपण मोकळे होतो. आम्हाला आज त्या निकालाविषयी बोलायचं आहे. कारण तो निकाल खोटा आहे, आणि त्यानं माणसाचं नुकसान होतं.

आधी घरातलं सांगतो. 1972 चा दुष्काळ. आमचं वय बारा. शाळा सुटली होती, आणि सगळं घर खडी फोडायला दुष्काळी कामावर. हातात हातोडी, जेवायला लाल मिलोची भाकरी, पोरांना सुकडी. आमचे थोरले बंधू, त्यांना सगळे दादा म्हणत, ते आणि आम्ही एकाच ढिगाऱ्यावर बसायचो. दोघांची आई एक, भाकरी एक, ऊन एक. आम्हाला त्या कामावरसुद्धा मजा यायची. शंभर माणसं एका जागी, दुपारी कुणीतरी भारूड म्हणायचं, पोरं दंगा करायची. दादा मात्र गप्प. काम आमच्या दुप्पट करायचे, पण संध्याकाळी म्हणायचे, "उद्या काम बंद पडलं म्हंजे?" पुढं पाऊस पडला, विहिरीला पाणी आलं, दोन पैसे आले. आम्ही खूश. दादा म्हणायचे, "औंदा आलं. पुढच्या वर्षी न्हाई आलं तर?"

आई म्हणायची, "त्येचा पिंडच तसा हाय. धाकटा जन्मला तो हसतच, ह्यो जन्मला तो इचार करत." आईला अक्षर येत नव्हतं. पण शेतकऱ्याच्या घरात हे कुणाला शिकवावं लागत नाही. एकाच गाईची दोन खोंडं असतात. एक पहिल्या दिवशी जू घेतं, दुसरं वाऱ्यानं पान हललं तरी बुजतं. बुजणाऱ्या खोंडाला आपण पापी म्हणत नाही. त्याला शांत बैलाच्या जोडीला जुंपतो आणि हळू हाकतो.

आता आमची नात कॉलेजात मानसशास्त्र शिकते. म्हणजे मनाचं शास्त्र. तिला आम्ही हाच प्रश्न घातला. तिनं चार रात्री पुस्तकातून वाचून सोप्या भाषेत सांगितलं. आम्हाला जेवढं पचलं तेवढं तुमच्यापुढं मांडतो.

अमेरिकेत मिनेसोटा नावाचं राज्य आहे. तिथल्या विद्यापीठातल्या डेव्हिड लिकेन आणि ऑके टेलेगन ह्या दोन अभ्यासकांनी 1996 साली एक लेख छापला. त्यांनी हजारो जुळ्या भावंडांना सुखाविषयीचे प्रश्न विचारले होते. जुळी दोन प्रकारची असतात हे तुम्हाला माहीत आहे. एक हुबेहूब, आईलाही फसवणारी. दुसरी एकाच वेळी जन्मलेली, पण साध्या भावंडांसारखी वेगळ्या तोंडवळ्याची. त्यांना असं आढळलं की हुबेहूब जुळ्यांपैकी एक आनंदी असला तर दुसराही बऱ्यापैकी तसाच असतो. लहानपणी ताटातूट होऊन वेगवेगळ्या घरी वाढलेले असले तरी तसंच. वेगळ्या तोंडवळ्याची जुळी मात्र एका घरात वाढूनही सुखाच्या बाबतीत फारशी जुळत नाहीत. त्यावरून त्यांनी हिशेब मांडला, की माणसामाणसाच्या सुखात जो फरक दिसतो, त्यातला जवळजवळ निम्मा जन्माबरोबर आलेला असतो.

हा निम्मा नीट समजून घ्या, नाहीतर घोटाळा होईल. ज्वारीचं उभं वावर बघा. एक ताट डोक्याएवढं, एक कमरेएवढं. फरक कशाचा? बियाणं मिसळीचं असेल तर बियाण्याचा. बियाणं एकच, पण वावराचा निम्मा भाग खडकाळ असेल तर जमिनीचा. म्हणजे एका ताटाची निम्मी उंची बियाण्याची आणि निम्मी खताची, असं कुणी कापून दाखवू शकत नाही. हिशेब असतो तो ताटाताटातल्या फरकाचा. आणि त्याच वावराच्या एका कडेचं पाणी तोडलं, तर सगळा हिशेबच बदलतो. म्हणून अमेरिकेतल्या जुळ्यांचा आकडा जिरायती शेतकऱ्याला जसाच्या तसा लागू पडेल असं आम्ही म्हणत नाही. पण आई म्हणायची त्यात तथ्य आहे, एवढं नक्की.

त्याच लेखात आणखी एक गोष्ट होती. ती वाचताना नात थांबली. तिला वाटलं आजोबा रागावतील. आम्ही म्हणालो, "वाच." तर त्यांनी हेही तपासलं होतं की पैसा, शिक्षण, लग्न आणि धर्मावरची निष्ठा यांनी सुखात किती फरक पडतो. उत्तर आलं, यातल्या कुठल्याही एका गोष्टीनं त्या फरकाचा शंभरातला तीनच्या वर वाटा उलगडत नाही. पैशाचा नाही, तसा धर्मनिष्ठेचाही नाही.

आता चाळीस वर्षं कीर्तन करणाऱ्या माणसानं काय म्हणावं? आम्ही रात्रभर विचार केला. आणि आमच्या ध्यानात आलं की हा आकडा वारकऱ्याच्या विरोधात नाही. उलट आपल्यातल्या उदास वारकऱ्याच्या बाजूनं साक्ष देणारा आहे. तो सांगतो, की कुणाच्या चेहऱ्यावरून त्याची निष्ठा मोजू नका. हसणारा जास्त निष्ठावान आणि न हसणारा कमी, असा हिशेब जुळत नाही. आणि पांडुरंगानं तरी कधी म्हटलं, की माझ्याकडं येताना हसत या? वारीला अट एकच आहे, यायचं. चालत यायचं, आणि चालवत नसेल तर गाडीत बसून यायचं. हसण्याची अट कुठल्याही दिंडीच्या नियमात नाही.

दादांनी बत्तीस वाऱ्या केल्या. पहाटे तीनला उठून दिंडीच्या पाण्याची व्यवस्था त्यांच्याकडं. टँकर आला का, पिंप भरले का, म्हाताऱ्यांना आंघोळीला गरम पाणी मिळालं का. बत्तीस वर्षांत एक दिवस खाडा नाही. पण रिंगणात सगळे नाचत असताना दादा कडेला उभे. एकदा वाखरीला कुणीतरी म्हणालं, "दादा, पंढरी आली. आता तरी हसा की." दादा म्हणाले, "आली न्हवं? मग झालं. हसायला कशाला पायजे?" दादा आता नाहीत. म्हातारपणी, घरात, माणसांत गेले. तेराव्याला एक गृहस्थ म्हणाले, "बिचाऱ्याला वारीचं सुख काही मिळालं नाही." ते वाक्य आमच्या मनातून जात नाही. ज्या माणसानं बत्तीस वर्षं दुसऱ्याच्या अंगावर गरम पाणी पडावं म्हणून झोप मोडली, त्याच्या पदरात काही पडलं नाही, हे ठरवणारे आपण कोण?

बरं, आता दुसरी बाजू. पिंड जन्मतः असतो म्हणून सगळं कपाळावर लिहिलेलं, असंही नाही. त्या लिकेन यांनीच लेखाच्या शेवटी लिहून टाकलं होतं, की जास्त सुखी व्हायचा खटाटोप म्हणजे जास्त उंच व्हायच्या खटाटोपासारखा फुकट आहे. पण पुढं त्यांनीच सुखावर पुस्तक लिहिलं आणि त्यात ते बोलणं मागं घेतलं. शिकलेला माणूस आपलं छापलेलं वाक्य मागं घेतो, हे आम्हाला आवडलं. पिंड म्हणजे विहिरीची जागा. झरा किती खोल ते ठरलेलं. पण गाळ काढायचा की नाही, हे आपल्या हातात असतं.

अजून एक अभ्यास ऐका. 1978 सालचा. अमेरिकेतच फिलिप ब्रिकमन आणि त्यांच्या दोन सहकाऱ्यांनी लॉटरी लागलेली 22 माणसं गाठली, आणि अपघातात अंग लुळं पडलेली 29 माणसं गाठली. त्यांच्या सुखाची तुलना साध्या माणसांशी केली. लॉटरीवाले शेजाऱ्यापाजाऱ्यांपेक्षा काही फार सुखी निघाले नाहीत. उलट गप्पा मारणं, नाश्ता करणं असल्या रोजच्या गोष्टींतली त्यांची गोडी कमी झालेली. अपघातवाले इतरांपेक्षा कमी सुखी होते, पण आपल्याला वाटेल तितके दुःखी नव्हते. माणसं थोडीच होती, त्यामुळे ह्या एका अभ्यासावर इमला उभारू नये, असं नात म्हणाली. पण ह्यातला अर्धा भाग आपण गावात रोज बघतो. पाट आला, ऊस लागला, त्या वर्षी गावजेवण. दुसऱ्या वर्षी तोच माणूस म्हणतो, "शेजाऱ्याचं टनेज जास्त आलं." ट्रॅक्टर दारात आला त्या दिवशी त्याला हार. दिवाळीपर्यंत त्याचा हप्ता तेवढा दिसतो, ट्रॅक्टर दिसत नाही. मनाला सवय होते. सुखाची होते, आणि बऱ्याच दुःखांचीही होते.

पण सगळ्या दुःखांची होत नाही, आणि इथंच आम्हा बोलणाऱ्यांनी जीभ सांभाळायला पाहिजे. जर्मनीत त्याच त्याच माणसांना वर्षानुवर्षं विचारत राहून अभ्यास झाला. जोडीदार गेलेल्यांचं मन सावरायला सरासरी बरीच वर्षं लागली, महिने नव्हे. आणि ज्यांचं काम गेलं होतं, त्यांना पुन्हा काम मिळालं तरी मन पहिल्या जागी पुरतं आलं नाही. म्हणजे काही घाव खोल जातात. कर्ज हा तसा घाव आहे. दर सकाळी उठल्यावर जे देणं पुन्हा आठवतं, त्याची सवय कशी होणार?

आम्ही कीर्तनकार समाधानावर फार बोलतो. बोलावं. पण कुणापुढं बोलतो ते बघावं. ज्याच्या घरात पोतं भरलेलं आहे त्याला सांगावं, "बाबा, आता पुरे म्हण." ज्याचं पीक जळलं आणि दारात वसुलीवाला उभा, त्याला "समाधान मान" म्हणणं हा उपदेश नव्हे, ती मीठ चोळण्याची रीत झाली. तुकोबारायांकडं पाहा. 1630 च्या सुमाराचा मोठा दुष्काळ. घरात बायको गेली, पोर गेलं. घरची सावकारी होती, लोकांकडं येणं होतं. कर्जदारांना समाधानाचा उपदेश करत ते वसुलीला फिरले नाहीत. धाकट्या भावाचा निम्मा वाटा त्याला देऊन आपल्या वाट्याची खतं त्यांनी इंद्रायणीत बुडवली, असं परंपरा सांगते. आधी माणसाच्या मानेवरचं ओझं उतरवलं, बोलणं नंतर. आमच्यासारख्या छोट्या माणसांना कुणाचं कर्ज बुडवता येत नाही. पण सोसायटीच्या कचेरीत त्याच्याबरोबर जाऊन बसता येतं. अर्ज लिहून देता येतो.

आणि संत सगळे एका पिंडाचे होते असं कुणी समजू नका. नाथमहाराज शांत. गोदावरीत स्नान करून येताना एक जण पुन्हा पुन्हा अंगावर थुंकला आणि नाथ न चिडता पुन्हा पुन्हा स्नानाला गेले, ही कथा लहान पोरालाही माहीत आहे. नामदेवराय तसे नव्हते. गोरोबाकाकांनी थापटणं हातात घेऊन मडकं तपासावं तशी संतांची डोकी तपासली आणि नामदेवरायांना कच्चं ठरवलं, तेव्हा ते रडत देवाकडं गेले. जनाई तर देवाशी भांडायची. चोखोबारायांना देवळात पाऊल टाकू दिलं नाही, त्यांच्या वाणीत ते दुःख आहेच. आणि ते पिंडाचं दुःख नव्हतं, लोकांनी दिलेलं होतं. पंढरीच्या देवळाचं दार सगळ्यांना उघडायला 1947 साल उजाडावं लागलं, साने गुरुजींना उपोषण करावं लागलं. म्हणून कुणी उदास दिसला तर दोन गोष्टी विचाराव्यात. ह्याचा पिंड असा आहे का? की ह्याच्यावर कुणी दार लावलं आहे? पिंड असेल तर त्याला तसा असू द्यावा. दार लावलेलं असेल तर ते उघडायला जावं.

कधी कधी माणूस आतूनच दार लावून घेतो. आपल्या माउलींनी, प्रत्यक्ष ज्ञानोबारायांनी लावलं होतं. लोकांच्या बोलण्यानं मन विटलं आणि ते झोपडीची ताटी लावून आत बसले. ज्यांनी सगळ्या विश्वासाठी मागणं मागितलं त्यांचं मन विटू शकतं, तर तुमच्या-आमच्या मनाची काय कथा? त्या वेळी बाहेर कोण उभं राहिलं? धाकटी बहीण, मुक्ताई. ताटीचे अभंग आपण सगळे म्हणतो. त्यातली एक गोष्ट ध्यानात धरा. मुक्ताईनं भावाचा भाव कमी ठरवला नाही. ती ताटीपाशी उभी राहिली, बोलत राहिली, आणि उघडेपर्यंत तिथून हलली नाही.

आता आपल्या दिंडीत घडलेलं सांगतो. ज्यांचं आहे त्यांना विचारून सांगतो, नाव मात्र सांगणार नाही. काही वर्षांपूर्वीची वारी. आपला एक टाळकरी. आमच्या दादांसारखा जन्माचा गंभीर नव्हे, चांगला हसरा माणूस. दोन वर्षं पाऊस गेलेला, डोक्यावर कर्ज. त्या वर्षी तो चालत होता, पण जेवत नव्हता. रात्री झोपत नव्हता. लोणंद सोडल्यावर त्यानं आपले टाळ शेजारच्या पोराच्या हातात दिले आणि म्हणाला, "तुझ्याकडंच ऱ्हाऊ दे. मला आता नको." चांदोबाच्या लिंबाला उभं रिंगण झालं, सगळे नाचले, आणि हा गाडीच्या सावलीला बसून होता.

आपले त्या वेळचे विणेकरी बाबा अनुभवी माणूस. त्यांनी वीणा दुसऱ्याच्या गळ्यात दिली आणि त्याच्याजवळ जाऊन बसले. "हरिनाम घे, बरं वाटंल" असं म्हणाले नाहीत. "तुझ्यापेक्षा दुःखी लोक हायत" असंही म्हणाले नाहीत. बराच वेळ नुसते बसले. मग सरळ विचारलं, "जीव द्यायचं मनात येतंय का?" तो रडायला लागला. असं विचारल्यानं माणसाच्या डोक्यात नसलेला विचार येईल, ही भीती आपल्याला असते. पुढं डॉक्टरांनीच सांगितलं, की विचारल्यानं तसं होत नाही, उलट माणसाला बोलायला वाट मिळते. त्या दिवसापासून त्याला एकट्याला सोडलं नाही. फलटणच्या मुक्कामात दोघं जण त्याला घेऊन डॉक्टरकडं गेले. गोळ्या सुरू झाल्या. गावी परतल्यावर त्याच्या मेहुण्यांनी आणि आपल्यातल्या चौघांनी देणेकऱ्यांसमोर बसून हप्ते बांधून घेतले. सात-आठ महिने गेले. पुढच्या आषाढीला त्यानं आपले टाळ मागून घेतले.

हे सांगायचं कारण, उदास पिंड आणि मनाचा आजार ह्या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. दादा आयुष्यभर गंभीर होते, पण जेवायचे, झोपायचे, कामाला यायचे, भांडायचे. ती त्यांची ठेवण. पण नेहमी हसणारा माणूस अचानक गप्प झाला, जेवण तुटलं, झोप गेली, आवडती वस्तू वाटून टाकायला लागला, "मी नसलेलाच बरा" म्हणायला लागला, तर तो पिंड नव्हे. तो आजार आहे, आणि आजाराला वैद्य लागतो. ताप आला तर आपण भंडारा लावतो आणि गोळीही घेतो. मनालाही तसंच. जिल्ह्याच्या सरकारी दवाखान्यात मनाचे डॉक्टर असतात. सरकारचा टेलिमानस म्हणून फोन आहे, नंबर 14416. पैसे पडत नाहीत, रात्री-अपरात्री लागतो, मराठीत बोलता येतं. हा नंबर स्मरणिकेत ठळक छापा, अशी कमिटीला विनंती आहे.

ज्यांना देवानं हसरा पिंड दिला त्यांनाही दोन शब्द. आम्ही त्यातलेच. आपण आनंदी आहोत ही आपली कमाई नव्हे. उंच माणसानं उंचीचा गर्व करण्यासारखं ते होईल. आनंद वाटावा, पण लादू नये. 2020 साली वारी चालली नाही, पादुका एसटीनं पंढरीला गेल्या. आम्ही घरी अंगणात फेऱ्या मारून हरिपाठ म्हटला आणि आमचं मन रमलं. आमच्याच गल्लीतली एक म्हातारी माउली दशमीला दिवसभर उंबऱ्यावर बसून रडली. तिला आम्ही "देव इथंच आहे" हे सांगायला गेलो नाही. आमच्या घरातनं कुणी तिच्याजवळ बसलं, कुणी चहा दिला. तिचं रडणं हीच तिची वारी होती.

आणि ज्यांचा पिंड जड आहे त्यांना सांगतो, आपल्या मनाची दुसऱ्याच्या चेहऱ्याशी तुलना करू नका. तुमचा काल आणि तुमचा आज, एवढंच मोजा. गाळ काढायची साधनं साधी आहेत. वेळेवर झोप, अंगमेहनत, चार माणसांत जेवण, दुसऱ्याचं एखादं काम आणि रोज झोपताना आज काय बरं झालं त्याची आठवण. वारीत ही पाचही साधनं आपसूक घडतात. म्हणून अठरा दिवसांनी माणूस थोडा हलका होऊन परततो. थोडाच होतो, पण तेवढं पुष्कळ झालं.

शेवटची गोष्ट आपल्याच परंपरेतली. मुक्कामाच्या तळावर समाजआरती होते. सगळ्या दिंड्या गोल उभ्या राहतात, हजारो टाळ वाजत असतात. चोपदार चोप वर करतात आणि एका क्षणात शांत होतं. पण एखाद्या दिंडीची काही तक्रार असेल, तर तिचे टाळ वाजतच राहतात. सगळा तळ गप्प आणि तेवढे टाळ चालू. मग चोपदार तिथं जातात, काय झालं ते ऐकून घेतात, आणि मग आरती होते. "सगळे गप्प आहेत, तुम्हीच का वाजवता?" असं त्यांना कुणी दरडावत नाही. एवढा मोठा सोहळा त्या एका दिंडीसाठी थांबतो.

माणसाचे टाळ मात्र उलटे असतात. सगळे वाजत असतात तेव्हा त्याचेच बंद पडतात, म्हणून ते लवकर ऐकू येत नाही. तेव्हा दिंडीच्या एकशे एकाव्या वर्षासाठी आमची सूचना आहे. रोज रात्री हरिपाठ झाला की विणेकऱ्यानं दिंडीभर एक फेरी मारावी. कोण जेवलं नाही, कोण बोललं नाही, कुणाचे टाळ पिशवीत आहेत, एवढं पाहावं आणि त्याच्याजवळ बसावं. ही सूचना सभेच्या वहीत आजच लिहून घ्या.

बोलण्यात कमीजास्त झालं असेल तर ते आमचं, गोड असेल ते संतांचं. रामकृष्णहरी.